रोषणाईचा हेवा

९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुला ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये मी नुसता अंगठा पाठवते, म्हणून तू रागावली होतीस. अंगठा म्हणजे पत्र नव्हे, असं तू बाबांना बजावलंस म्हणे. तेव्हा ही घे तुझ्या भाचीच्या हातची खरी शाई.

सरावासाठी मला मिळालेली शाळा चांगली आहे. तीन मजले, लांबलचक व्हरांडा, आणि शिक्षकांच्या खोलीत एकच खिडकी, तीही उघडत नाही. सहावीच्या वर्गाला मी गणित शिकवते. सध्या अपूर्णांक चालू आहेत. पोरं गोड आहेत, फक्त मी फळ्याकडे वळले की मागे बाजार भरतो. वर्षाच्या शेवटी इथे शिक्षिकेची एक जागा रिकामी होणार आहे. आणि सराव करणाऱ्या आम्ही आहोत दोघी. इथेच सगळी गोम आहे.

दुसरी माझ्याच कॉलेजातली. ती त्याच वर्गाला विज्ञान शिकवते. मनातल्या मनात मी तिला रोषणाई म्हणते. गळ्यात वायरींचं भेंडोळं अडकवून ती भरभर वर्गात शिरते, दोन बटणं दाबते, की भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर माणसाचं हृदय धडधडायला लागतं. मुलांच्या हातात शाळेचे टॅब असतात. ती प्रश्न विचारते, मुलं टॅबवर बोट ठेवतात आणि उत्तरांचे रंगीत खांब स्क्रीनवर वर चढत जातात. पोरं अशी ओरडतात की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात.

तिच्या पाठोपाठ माझा तास. काल पहिल्या बाकावरच्या एकाने मला विचारलं की बाई, तुमच्याकडे लावायला काही नाही का. मी म्हणाले, माझ्याकडे खडू आहे. त्याने इतक्या दयेने माझ्याकडे पाहिलं की मला माझीच कीव आली.

प्रत्येक पाठानंतर कॉलेजला ‘चिंतन’ लिहून द्यावं लागतं. कालच्या चिंतनात मी लिहिलं की सहकारी शिक्षिकेच्या डिजिटल साधनांच्या वापरातून मला पुष्कळ शिकता आलं. खरं चिंतन तुला लिहिते. तो स्क्रीन भर वर्गात बंद पडावा, असं मला दिवसभर वाटत होतं.

हे वाचूनही माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

१५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा.

तुझं पत्र छापखान्यात मुद्रितं तपासतानाच वाचलं, त्यामुळे लाल पेन्सिल आपोआप हातात आली. शुद्धलेखनाच्या दोनच चुका निघाल्या. शिक्षिका होण्याइतपत ठीक आहे.

हेवा वाटतो हे तू सरळ लिहिलंस, ते बरं केलंस. आपल्या घरात हेव्याला ‘मला काय त्याचं’ असं म्हणायची पद्धत आहे. तुझे बाबा तर त्यात तरबेज. तू मात्र लहानपणापासून उघड जळणारी. शेजारच्या मुलीची वेणी तुझ्यापेक्षा लांब होती तेव्हा तू दोन्ही वेळा जेवणार नाही म्हणून बसली होतीस. शेवटी मी तुझ्या केसांना काळी लोकर बांधून वेणी लांबवली, तेव्हा कुठे तोंडात घास गेला. आता या वयात लोकर पुरायची नाही.

माझं ऐकशील तर एक दिवस तिच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बस. स्क्रीनकडे बघू नकोस, मुलांकडे बघ. कोण हसतंय, कोण हसण्याचं नाटक करतंय, कोण आधी शेजाऱ्याकडे बघतं आणि मग हात वर करतं. साधन कुठलंही असो, खडू किंवा स्क्रीन, ते कोणापर्यंत पोचलं आणि कोणापाशी अडलं ते मागच्या बाकावरून दिसतं. मी शिकवत होते तेव्हा इतर शिक्षिका कुचकटपणे म्हणायच्या की ही दुसऱ्यांचे पाठ चोरायला बसते. चोरायचेच मी.

इकडे सगळं ठीक. नवीन यंत्राचा खडखडाट असह्य आहे म्हणून छापखान्यातले सगळे कुरकुरतात. मला एकटीला तेवढी शांतता. बहिरेपणाने हा एक फायदा पदरात टाकला आहे, तो मी पुरेपूर उपभोगते.

सावकाश लिही, पण लिही. तुझ्या पत्रांचा मला लोभ सुटला आहे.

तुझी
आत्या

२८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., चिमटा पोचला.

तू सांगितलंस तशी मागे बसले. आता वाटतं, बसले नसते तर बरं झालं असतं.

वर्गात एक मुलगी आहे, तिला मी खिडकीवाली म्हणते. माझ्या तासाला ती कायम बाहेर बघत असते. प्रश्न विचारला की उभी राहते, ओठ घट्ट मिटते आणि खाली बसते. मी तिला ढ ठरवून टाकलं होतं, आणि वर जरा आगाऊ. पण रोषणाईच्या तासाला टॅबवरची उत्तरं आली की तिचं नाव सगळ्यात वर. मला वाटलं, शेजारणीचं बघून लिहीत असेल.

तास संपल्यावर रोषणाईने मला व्हरांड्यात गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्या मुलीला कमी ऐकू येतं. तिला शंका आली ती टॅबमुळेच. लिहून सगळं बरोबर आणि तोंडी शून्य, असं कसं? मग तिने सहज बोलावं तशी एकदा मुलीकडे पाठ करून तिला हाक मारली, एकदा समोरून मारली. पाठमोरी हाक वाया गेली. मुलगी आजवर ओठ वाचून आणि शेजारणीचं बघून दिवस ढकलत होती. घरीसुद्धा ती लक्ष देत नाही म्हणून बोलणी खायची.

त्या दिवसापासून रोषणाई एक नवीन गोष्ट लावते. ती जे बोलते ते स्क्रीनच्या तळाशी अक्षरांत उमटत जातं, बोलल्या बोलल्या. वर्गाला तिने एवढंच सांगितलं की शुद्धलेखन सुधारायला हे बरं. कोणासाठी लावलंय ते फक्त मुख्याध्यापक बाईंना आणि मला माहीत. मला का, तर माझ्याही तासाला लावता यावं म्हणून. ते कसं सुरू करायचं तेही ती दाखवत होती. मी म्हणाले, बघू.

आत्या, मी घरात बहिरी आत्या असलेली मुलगी. तुझ्या समोर येऊन बोलायचं, तोंडावर हात घ्यायचा नाही, हे मी बोलायला लागले तेव्हापासून शिकले. आणि माझ्या नाकासमोर बसलेली मुलगी मला दिसली नाही. त्या मुलीचं बरं झालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही. हेही हिनेच शोधायचं होतं का, एवढंच मनात आलं आणि रात्रीपर्यंत तेच घोळत राहिलं.

कॉलेजच्या चिंतनात काय लिहिलं ते विचारू नकोस. तुझा लोभ या पत्रानंतरही टिकला तर मला त्याची खरी किंमत कळेल.

तुझी
भिंगरी

५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. बोललेलं लिहून दाखवणाऱ्या यंत्राबद्दल वाचलं. इथे काम फार आहे. तब्येतीला जप.

आत्या

१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पालथं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. तू रागावलीस की आजारी आहेस? बाबा म्हणतात, ठणठणीत आहे. म्हणजे रागावलीस. आता मी तुला रागवायला खरं कारण देते.

गेल्या आठवड्यात कॉलेजचे परीक्षक यायचे होते. रोषणाईचा पाठ मधल्या सुट्टीनंतर, माझा दुसऱ्या दिवशी. त्या जागेसाठी शाळा याच पाठांच्या गुणांकडे बघणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आदल्या दिवशी शाळेतले शिपाईमामा मला जिन्यात भेटले. म्हणाले, उद्या मधल्या सुट्टीनंतर आपल्या मजल्यावर वायरिंगचं काम आहे, वीज बंद राहील, तेवढं विज्ञानाच्या बाईंना सांगा म्हणजे त्या खालच्या वर्गात पाठ घेतील. मी मान हलवली.

शिक्षकांच्या खोलीत ती माझ्या समोरच बसली होती. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं की उद्याचा पाठ कसा वाटतो ते खरं खरं सांग, मला धडकी भरली आहे. मी पाहिला. फार देखणा होता, आत्या. मी म्हणाले, छान आहे. आणि ते दुसरं वाक्य गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाठ सुरू झाला आणि दोनच मिनिटांत स्क्रीन काळा झाला. इंटरनेटही गेलं. मी मागे परीक्षकांच्या शेजारी बसले होते. रोषणाईने खडू उचलला. फळ्यावर आकृती काढताना तिची पाठ वारंवार वर्गाकडे होत होती. खिडकीवाली मान उंच करून स्क्रीनच्या तळाशी बघत होती, अक्षरं परत येतील म्हणून.

आणि मग परीक्षकांनी मागून, बसल्या जागेवरून, नेमका तिलाच प्रश्न विचारला. शेजारणीने कोपर मारलं तशी ती उभी राहिली. काय विचारलं ते तिला कळलंच नव्हतं. ती म्हणाली की खिडकी मी उघडली नाही. वर्ग हसत सुटला. परीक्षकांनी आवाज चढवून विचारलं की ऐकू येत नाही का तुला. हसणं एकदम थांबलं. चाळीसेक मुलांना एकाच क्षणी सगळं समजलं, ते मी पाहिलं.

रोषणाईने पाठ तिथेच सोडला. ती जाऊन मुलीच्या बाकापाशी उभी राहिली आणि उरलेला तास तिच्या तोंडासमोर तोंड ठेवून हळूहळू बोलत राहिली. परीक्षकांनी शेरा मारला, पाठ अपुरा, वर्गनियंत्रण कमी.

दुसऱ्या दिवशी माझा पाठ झाला. उत्तम, असा शेरा मिळाला. खिडकीवाली त्या दिवशी आली नव्हती. त्यानंतर ती आलेलीच नाही.

मला जे हवं होतं ते अगदी जसंच्या तसं मिळालं आहे आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पाठ तिचा पडावा एवढंच मला हवं होतं. त्या मुलीचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. न येणं हेच मला जास्त लागतं.

लोभ असू दे, असं लिहायचं धाडस होत नाही.

भिंगरी

२५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद मागे घेता येत नाहीत, म्हणून देते.

आधी माझं सांगते. तुझ्या सप्टेंबरच्या त्या पत्राला मी आधी एक उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं आणि चार ओळी पाठवल्या. रागावले नव्हते. जळत होते.

मी शाळा का सोडली ते तुला घरच्यांनी सांगितलंय, प्रकृतीमुळे. प्रकृती धडधाकट होती. कान जायला लागले तेव्हा मी ते कोणाला कळू दिलं नाही. मुलं काय विचारतील त्याचा आधीच अंदाज बांधून ठेवायचे. एकदा एका मुलाने पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं आणि मी त्याला म्हणाले, शाब्बास, अगदी बरोबर, बस खाली. वर्ग खो खो हसला. मग तो खेळच झाला. मुद्दाम काहीतरी विचारायचं आणि माझी शाबासकी मिळवायची. महिन्याभरात मी राजीनामा दिला. बाकावर बसलेली ती तोंडं मला अजून दिसतात, आणि वाईट हे की ती मला आवडायची.

तुझं पत्र वाचून मला त्या यंत्राचा आनंद झाला नाही. अकरा वर्षांच्या पोरीचा मला हेवा वाटला. तिच्यासाठी कोणी अक्षरं उमटवली, माझ्यासाठी का नाही? माझ्या तरुणपणी हे असतं तर मी दुसऱ्यांची पुस्तकं तपासत बसले नसते. अख्खा आठवडा मी धुमसत होते. तेव्हा हेवा म्हणजे काय ते तुझ्याकडून शिकायची मला गरज नाही. तो आपल्या रक्तातच आहे असं दिसतं.

पण मी धुमसले आणि चार कोरड्या ओळी लिहून गप्प बसले. तू एका मुलीच्या समोरचा दिवा जाऊ दिलास. दोन्हींत फरक आहे आणि तो तुला कळतो, म्हणूनच तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. न उतरू दे काही दिवस.

आता जा आणि त्या रोषणाईला सगळं सांग. तिला कुठून तरी कळेल म्हणून थांबू नकोस. माफी मागताना मला कसं वाटलं वगैरे पाल्हाळ लावू नकोस, काय केलंस ते सांग आणि गप्प राहा. ती जे म्हणेल ते ऐकून घे. तोपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

लोभाचं म्हणशील तर तो काही नळ नाही की बंद करता येईल.

आत्या

६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सांगितलं, म्हणूनच लिहिते आहे.

शाळा सुटल्यावर ती वायरी गुंडाळत होती. मी दार लावलं आणि तू म्हणालीस तसं, काय केलं तेवढंच सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. वायर पूर्ण गुंडाळून झाली, तिला गाठ मारून झाली. मग म्हणाली की तू छान आहे म्हणालीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, त्या रात्री मला त्यामुळे झोप लागली. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी विचारलं की आता काय करू. ती म्हणाली की माझं मी बघेन, तू माझ्याबरोबर त्या मुलीच्या घरी चल आणि हेच तिला सांग. मी म्हणाले, अकरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं. तर म्हणाली, जे मला सांगितलंस तेच, फक्त समोर बसून आणि सावकाश.

मुलीचे वडील केशकर्तन करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे, दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. वडिलांचा चेहरा उतरला होता. पोर ऐकत नाही म्हणून मी तिला किती वेळा रागे भरलो, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. तिच्या कानांची तपासणी करून आणली आहे, यंत्र मिळेल, थोडा फरकही पडेल. पण शाळेत जाणार नाही यावर ती ठाम.

मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती, डोळ्यांकडे नाही, त्यामुळे मला धीर आला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली की वीज गेली त्याचं काही नाही. आत्तापर्यंत मला सगळे ढ म्हणायचे, ते चालत होतं. ढ मुलं वर्गात पुष्कळ आहेत. आता मी एकटीच आहे.

आम्ही दोघी परत निघालो. रस्त्यात मी रोषणाईला तुझ्याबद्दल सांगितलं. ती चालता चालता थांबली आणि म्हणाली की मग तू त्यांना अजून बोलावलं कसं नाहीस. हेही तिलाच सुचलं, आत्या. मला पुन्हा तीच कळ आली, बारीकशी.

कॉलेजच्या चिंतनात मी या वेळी खरं लिहिलं आहे. काय होईल ते होवो.

येशील का? लोभ असेल तर ये, नसेल तरी त्या मुलीसाठी ये.

तुझी
भिंगरी

१० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, घाईत.

शनिवारी सकाळच्या गाडीने पोचते. उतरवून घ्यायला ये. हाका मारत फलाटावर धावू नकोस, उपयोग नाही. समोर येऊन उभी राहा.

मला भीती वाटते आहे. हे तुझ्या बाबांना सांगायचं नाही.

आत्या

२२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी चिमट्याशिवाय.

घरी सुखरूप पोचले. तिथे असताना आपल्याला नीट बोलायला सवड मिळाली नाही, आणि तुझ्यासमोर मला काही गोष्टी बोलताही आल्या नसत्या. म्हणून लिहिते.

तुम्ही दोघी दुकानाबाहेर थांबलात ते चांगलं केलंत. ती मुलगी आणि मी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो आणि आरशातून बोललो. ओठ वाचायला आरसा फार सोयीचा, दोघींनाही मान वळवावी लागत नाही. मी तिला माझ्या शाबासकीचा किस्सा सांगितला. ती हसली, मग हसल्याबद्दल ओशाळली. मग तिने विचारलं की तुम्ही परत शाळेत का गेला नाहीत. मी म्हणाले, लाज वाटली. तिने विचारलं, किती दिवस. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, अजून वाटते. ती विचारात पडली. आपलंही असंच होईल, हे तिला त्या आरशात दिसलं असावं. माझ्याकडे न बघता तिने सांगितलं की सोमवारी तुम्ही वर्गात येणार असाल तर मी येईन.

पोरीने मला कोंडीतच पकडलं. मी तिला आणायला गेले होते, तिने मला नेलं.

वर्गात काय झालं ते तू पाहिलंस. पण मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही. तुझ्या मैत्रिणीने छोटा माइक पहिल्या बाकावर दिला आणि मुलं एकेक करून बोलायला लागली. त्यांचं बोलणं स्क्रीनवर अक्षरांत आलं. भिंगरी, मुलं मला काय विचारतात ते मला इतक्या वर्षांनी कळलं, अंदाज न बांधता. एकाने विचारलं की तुम्हाला स्वप्नात ऐकू येतं का. येतं, असं मी सांगितलं आणि माझा मलाच अचंबा वाटला, कारण हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. खिडकीवाली तुमच्याकडे बघून मिश्कील चेहरा करून बसली होती, जशी काही ती मला आणून दाखवत होती.

मुख्याध्यापक बाईंनी जाताना विचारलं की पंधरा दिवसांतून एकदा येऊन मुलांकडून वाचन करून घ्याल का. मी विचार करून सांगते म्हणाले. घरी येईपर्यंत विचार झाला होता. छापखान्याच्या मालकांना कळवलं आहे.

आता तुला झोंबेल असं एक. रोषणाई मला फार आवडली. हसते मोकळी, बोलताना पेन्सिल चावते, आणि तोंडावर हात घेत नाही. तिला मी पत्र लिहिलं आहे. नाक मुरडू नकोस.

लोभ पुरून उरेल इतका आहे.

तुझी
आत्या

१४ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाक मुरडलं. तुझ्या अक्षरातलं पाकीट शिपाईमामांनी तिच्या हातात ठेवलं तेव्हा मी शेजारीच होते. माझ्या पाकिटापेक्षा जाड होतं. काय लिहिलंय ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, पण दिवसभर माझी गणितं चुकत होती.

आता बातम्या. कॉलेजने माझं चिंतन वाचून मला बोलावलं. रोषणाईचा पाठ पुन्हा तपासला गेला आणि शाळेची जागा तिला मिळाली. माझा या शाळेतला सराव रद्द झाला आहे. आता दुसऱ्या शाळेत पहिल्यापासून करायचा. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, मला काय त्याचं. तू म्हणतेस तसेच आहेत ते.

काल इथला माझा शेवटचा तास होता. बोललेलं अक्षरांत दाखवायचं ते मी आता रोज लावते. रोषणाईनेच शिकवलं. ती मला माफ केलंय असं कधी म्हणाली नाही. फक्त एक दिवस स्वतःची जास्तीची वायर तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

तर अपूर्णांकांची बेरीज चालू होती. मी म्हणाले, आधी छेद समान करा. स्क्रीनवर आलं, आधी खेद समान करा. माझी पाठ होती, मला दिसलं नाही. मी पुन्हा ठासून म्हणाले तर पुन्हा तेच. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात खिडकीवाली उठली. तिच्या कानामागे नवीन यंत्र आहे, केस मागे बांधून ती ते उघडं ठेवते. ती सरळ स्क्रीनपाशी गेली, खेद या शब्दावर बोट ठेवलं आणि सगळ्या वर्गाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली की बाई, ह्याला तर माझ्यापेक्षाही कमी ऐकू येतं.

वर्ग हसला, आत्या. आधी ती हसली आणि मग तिच्यामागून सगळा वर्ग. मी खडू खाली ठेवला, कारण मला फळा दिसेनासा झाला होता. मागच्या बाकावर रोषणाई बसली होती, पाठ बघायला आली होती. तीही हसत होती आणि बाहीने डोळे पुसत होती. तास संपल्यावर ती म्हणाली की माझ्या तासाला ती इतकं मोठ्याने कधी बोलली नाही. म्हणताना तिचा आवाज जरासा आंबट झाला होता. मला तो ओळखीचा वाटला.

सोमवारपासून नवी शाळा. तिथे स्क्रीन आहे की नुसता फळा, माहीत नाही. पहिल्या दिवशी मी आधी मागच्या बाकावर जाऊन बसणार आहे.

तू पंधरवड्याला इथे येशील तेव्हा मी इथे नसेन आणि ती असेल, हे मला सहन होणार नाही, पण होईल. तुझा लोभ आम्हा दोघींत वाटायचाच असेल तर छेद समान ठेव. अंश मात्र माझा थोडा मोठा असू दे.

तुझी
भिंगरी